तीन बोटांची जागा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा एक पाऊल मागे सरतो. त्यात त्याची चूक नाही. मी काळी आहे, करंगळीहून बारीक आहे, हातभराहून लांब आहे आणि माझे टोक वर-खाली वळते. कुणाला मी साप वाटते, कुणाला सायकलच्या ब्रेकची तार. खरे तर मी एक म्हातारी दुर्बीण आहे. तारे पाहणाऱ्या दुर्बिणी वेगळ्या. माझी सारी हयात माणसांच्या नाकातून घशात उतरण्यात गेली. आता लगेच नाक मुरडू नका, पुढे ऐका.

माझ्या पोटात काचेचे हजारो धागे आहेत. ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे काच तापवून इतकी बारीक ओढत की ती आपला ताठा विसरून दोऱ्यासारखी वळू लागे. मग ते धागे शेजारी शेजारी रचत. एका टोकाला जो ज्याच्या शेजारी, तोच दुसऱ्या टोकालाही त्याच्या शेजारी हवा. थोडे जरी इकडचे तिकडे झाले तरी चित्राचा विचका. एकेक धागा उजेडाचा एकेकच ठिपका आणतो. एकट्याला काही दिसत नाही, सगळ्यांचे मिळून दिसते.

तिथून मी एका मोठ्या रुग्णालयात आले आणि आल्या आल्या कपाटात गेले. "नाजूक आहे, हात लावू नका," असे जो तो म्हणे. कुणी हात लावीना, म्हणून कुणाला वापरता येईना. कुणाला वापरता येईना, म्हणून कुणी हात लावीना. असे सात महिने गेले. मग एके दिवशी माझी पेटी उघडली आणि दोन छोटे, कोरडे, नखे बारीक कापलेले हात आत आले.

त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. बाई बुटक्या होत्या. ऑपरेशनच्या टेबलाशी उभ्या राहिल्या की पायाखाली लाकडी पायरी घेत, आणि चष्मा कपाळावर सरकवून मग मला डोळ्याला लावत.

"बाई, मोडली म्हणजे?" थिएटरच्या सिस्टरने विचारले. सिस्टर धिप्पाड होती आणि तिची कुजबुजसुद्धा बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाई.

"मोडली तर माझ्या हातून मोडेल. इथे पडून पडून मेली तर आपल्या सगळ्यांच्या हातून."

"ही लांबूडकी काय मरतेय! आपल्यालाच मारेल."

पण सिस्टरनेच मला साबणाच्या पाण्याने धुवायला शिकून घेतले, आणि माझी शेपूट सरळ टांगून ठेवायला तिनेच भिंतीत उंच खुंटी ठोकून घेतली.

बाईंनी सरावासाठी बुटाचे एक खोके आणले. आत पुठ्ठ्याच्या आडव्या भिंती लावल्या, प्रत्येकीला वेगळ्या जागी भोक पाडले, आणि शेवटच्या भिंतीमागे आपल्या लेकीचा छोटा फोटो चिकटवला. मला वळवत, वाकवत, भोकांतून नेत तो फोटो गाठायचा, असा रोजचा अभ्यास. "चल बयो," असे त्या मला म्हणत. पहिल्या दिवशी आम्ही तासभर पुठ्ठ्यालाच धडकत होतो. महिनाभरात मिनिटभराच्या आत लेक दिसू लागली. दोन वेण्या, पडलेला पुढचा दात आणि फोटो काढणाऱ्यावरचा राग. बाईंच्या लेकीला मी प्रथम पाहिले ती अशी, बुटाच्या खोक्यात.

आता माझे काम काय ते सांगते. ऑपरेशनच्या वेळी माणसाला गाढ झोपवतात. त्या झोपेत त्याचे अंग सैल पडते, जीभ मागे जाते, श्वासाची वाट बुजते. म्हणून भूल देणारे तोंडातून श्वासनलिकेत एक मऊ नळी घालतात आणि श्वास आपल्या हाती घेतात. पण त्यासाठी तोंड उघडायला हवे. बाई प्रत्येक रोग्याला आदल्या दिवशी म्हणत, "तुमची तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि दातांमध्ये घाला पाहू." तीन गेली की बाई खूश. दोन गेली की विचारात. एकच गेले, किंवा तेही गेले नाही, की माझी आठवण. कुणाचा जबडा मार लागून आखडलेला असे, कुणाचा भाजून, कुणाचा तंबाखू खाऊन. अशा माणसाला आधी झोपवले आणि मग वाट शोधू म्हटले, तर शोधायला वेळच उरत नाही.

"पुढचं दार अडलं तर खिडकीतून आत जायचं," बाई सांगत. "पण घरातला माणूस जागा असताना, आणि त्याला विचारून. नाहीतर त्याला चोरी म्हणतात."

खिडकी म्हणजे नाक. माणूस जागा, स्वतःचा श्वास स्वतः घेतोय, नाक-घसा औषधाने बधिर केलेला. नळी आधी माझ्या अंगावर ओवून मुठीपाशी वर सरकवून ठेवायची. मी पुढे जाऊन वाट पाहायची, श्वासनलिकेत शिरायचे, आणि मग दोरीवरून मणी सरकावा तशी ती नळी माझ्यावरून खाली सरकवायची. मी बाहेर आले की नळी तिथेच राहते. मग खुशाल झोप द्या.

एवढे सोपे काम. आणि त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट आम्ही एकदा विसरलो. तीच मला सांगायची आहे.

एक अकरा वर्षांची मुलगी आली होती. तिसऱ्या वर्षी ती पायऱ्यांवरून हनुवटीवर पडली होती. जखम बरी झाली, पण कानाजवळचा जबड्याचा सांधा हाडाने जुळून बंद झाला. तिच्या दातांत नखही जात नव्हते. एका बाजूचा एक दात काढलेला होता. त्या फटीतून ती सगळे पातळ करून आत ढकलत असे. तिच्याबरोबर मामा होता. आईबाप लांब कामाला होते. पोरीचे बोलणे परक्यांना कळत नाही असे समजून मामा तिच्या वतीने बोले.

दातांवर दात ठेवूनच ती काहीतरी म्हणाली.

"ती म्हणतेय, नमस्कार डॉक्टर," मामाने सांगितले.

"मी असं म्हटलंच नाही," मुलगी म्हणाली. ते मात्र स्वच्छ कळले. "मी विचारलं, ही बाई तरी खरं सांगणार, की हीसुद्धा मुंगी चावेल म्हणणार?"

मामा कावराबावरा झाला. सिस्टर दारातून म्हणाली, "आला बघा फौजदार." तेव्हापासून तिचे तेच नाव पडले.

बाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "तीन वेळा टोचेल. मुंगीपेक्षा जास्त. नाकात औषध घालू ते कडू लागेल. आणि ही," त्यांनी मला तिच्या मांडीवर ठेवले, "तुझ्या नाकातून जाईल. तू जागी असताना."

पोर माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने मला उचलले, बाईंनी दाखवले तसे डोळ्याला लावले आणि टोक मामाच्या कानाशी नेले.

"मामा, शी! केवढे केस!"

"अगं, ती माझी खासगी बाब आहे," मामा कान झाकत म्हणाला.

ती हसली. हसताना तिचे ओठ फाकले, दात तसेच मिटलेले राहिले. हसू आत कुठेतरी अडून नाकातून बाहेर पडले. माझ्या काचेतून मी पुष्कळ घसे पाहिले होते, पण बंद दाराआडचे हसू पहिल्यांदाच ऐकले.

"तुला काय काय करायचंय तोंड उघडल्यावर?" बाईंनी विचारले.

"अख्खं सफरचंद चावायचंय. कापलेलं नाही, किसलेलं तर मुळीच नाही." मग जरा थांबून, "आणि जांभई द्यायचीय. मला जांभई येते ना, ती निम्म्यात अडकते. कानात कळ येते. मग ती परतच जाते."

तिच्या दोन अटी होत्या. तिने हात वर केला की थांबायचे. आणि जे होईल ते खरे सांगायचे. बाईंनी दोन्ही कबूल केल्या. मामाला बाहेर नेऊन त्यांनी हेही सांगितले की पोरीने नाकातून जाऊ दिले नाही, तर गळ्याला बाहेरून भोक पाडून वाट करावी लागेल. मामाने मान हलवली. "ते तिला चालायचं नाही बाई. आधीच्या डॉक्टरांकडून त्यापायीच उठून आली ती. तेव्हापासून तीन वर्षं ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हती. आत्ता कुठे तयार झालीय. पुन्हा बिथरली तर जन्मभर अशीच राहील."

ऑपरेशनच्या सकाळी सगळे नीट चालले होते. फौजदार टेबलावर टेकून बसली होती. नाकात थेंब घातले, फवारा मारला, दुसऱ्या नाकपुडीला प्राणवायूची बारीक नळी लावली. सिस्टरने माझ्यावर नळी ओवली. बाईंनी नाकपुडीकडे पुन्हा एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "जरा मोठी होईल. याच्या खालचं माप द्या." सिस्टरने मोठी नळी उतरवली, लहान आणली, पाकीट फोडून ताटात ठेवली. तेवढ्यात सर्जन आत आले, त्यांनी काही विचारले, सिस्टर तिकडे वळली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "चल बयो."

माझ्या अंगावर काही नव्हते. मित्रांनो, मला ते पहिल्या क्षणापासून कळत होते. पाठीवर रोजचे ओझे नाही हे ज्याचे त्यालाच कळते. पण मला बघता येते, बोलता येत नाही.

मी आत शिरले. गुलाबी भिंतींचा अरुंद बोळ, मग वळण, मग जिभेचे मूळ, त्यामागे पानासारखा पडदा. "आता खोल श्वास घे," बाई म्हणाल्या. पोरीने श्वास घेतला आणि खाली दोन पांढऱ्या स्वरतंतूंची खिडकी उघडली. कितीही वेळा पाहिले तरी मला त्या जागेचा आदर वाटतो. माणसाचा सारा आवाज तिथे राहतो. बाईंनी औषधाचे चार थेंब सोडले. पोर खोकली, तिचा हात चादरीवरून वीतभर उचलला गेला. बाई थांबल्या. हात पुन्हा खाली गेला. पुढच्या श्वासाला आम्ही आत होतो. श्वासनलिकेच्या कड्या एकीखाली एक दिसू लागल्या.

"पोचलो गं! शाबास!" म्हणत बाईंनी नळी सरकवायला डावा हात वर नेला.

हात रिकामाच खाली आला.

ताटातली नळी सगळ्यांना एकदमच दिसली. सिस्टरचा चेहरा मास्कआडही उतरलेला कळत होता.

बाईंनी मला हळूच बाहेर काढले. सर्जन जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "पुन्हा जागेपणी कशाला? थोडी जास्त गुंगी द्या. तिला कळणारही नाही."

"गुंगी जास्त झाली आणि वाट मिटली तर माझ्या हातात काही उरणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी तिला शब्द दिलाय."

त्या पायरीवरून उतरल्या. आता त्यांचे डोळे आणि पोरीचे डोळे एका पातळीवर आले.

"ऐक. माझी चूक झाली. नळी दुर्बिणीवर ओवायची असते, ती मी बघितली नाही. तू सगळं बरोबर केलंस. पण आता परत आत जावं लागेल. नको म्हणालीस तर आज थांबू. मी रागावणार नाही, आणि मामालाही रागावू देणार नाही."

"बाई, माझी चूक—" सिस्टर पुटपुटली.

"शेवटी बघायचं काम माझं."

पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते औषधाचे की रडण्याचे ते मला सांगता येणार नाही. ती छताकडे बघू लागली. मामाने सांगितलेली नकाराची तीन वर्षे त्या खोलीत तिच्याबरोबर होती. नंतर तिने बाईंकडे पाहिले आणि बधिर घशातून, बंद दातांतून घोगरा आवाज आला.

"आधी ओवा. मला दाखवा."

सिस्टरने नळी माझ्यावर ओवली, वर सरकवली, चिकटपट्टीने बसवली आणि मला तिच्या डोळ्यांसमोर धरले. पोरीने बोट लावून पाहिले.

"ओवली?" तिने बाईंना विचारले.

"ओवली."

"नक्की?"

"नक्की, फौजदारसाहेब."

दुसऱ्या खेपेला तिने हात एकदाही उचलला नाही. उशीखालची चादर मात्र मुठीत इतकी घट्ट धरली होती की ती नंतर सोडवावी लागली. नळी माझ्या पाठीवरून सरकत गेली आणि कड्यांच्या मध्ये जाऊन बसली. तिचा श्वास नळीतून वाजू लागला. तेव्हाच बाईंनी झोपेचे औषध दिले. ऑपरेशनला पाच तास लागले. जुळलेले हाड कापून सांधा मोकळा झाल्यावर बाईंनी झोपलेल्या पोरीचीच तीन बोटे उचलली, एकावर एक धरली आणि तिच्या दातांमध्ये बसतात का ते पाहिले.

बसली. बाईंनी चष्मा उगाचच पुसला.

त्यानंतर फौजदाराला महिनोन्महिने लाकडी पट्ट्या दातांत धरून व्यायाम करावा लागला, नाहीतर जबडा परत आखडतो. तिला दुखे. ती मामावर चिडे, मामा बाईंकडे तक्रार करी. बरी झाल्यावर ती एक सफरचंद घेऊन आली आणि बाईंच्या टेबलासमोर उभी राहून तिने ते कचकन चावले. रस हनुवटीवरून ओघळला. निम्मे खाऊन उरलेले तिने टेबलावर ठेवले. बाईंनी ते तिच्यादेखत खाल्ले.

त्या दिवसापासून आमच्या थिएटरात एक रीत पडली. मला हातात घेण्याआधी बाई मोठ्याने विचारत, "ओवली?" आणि जो कुणी मदतीला असेल त्याने हात लावून सांगायचे, "ओवली." नवे डॉक्टर आले की हसत. नंतर तेच आपल्या हाताखालच्यांना विचारू लागत. पुढे ती रीत बाईंबरोबर घरीही गेली. लेक शाळेला निघाली की उंबऱ्यात प्रश्न, "ओवली?" डबा, वही, किल्ली, सगळे त्यात आले. लेक वेण्या उडवत म्हणे, "ओवली गं आई!" पुढे ती नोकरीला लागली, तिच्या केसांत पांढरे आले, तरी फोन ठेवताना तोच प्रश्न. हा प्रश्न कुठून आला ते तिने विचारले नाही आणि बाईंनी सांगितले नाही.

माझे दिवसही सरत गेले. एकदा कुणीतरी घाईत पेटीचे झाकण माझ्या शेपटीवर लावले. कोणी ते मी सांगणार नाही, तो आता मोठा डॉक्टर आहे. आत शंभरेक धागे तुटले आणि माझ्या चित्रात काळे ठिपके आले, जणू काचेवर मिरी सांडली. पुढे पडदेवाल्या नव्या दुर्बिणी आल्या. त्यांच्यातून खोलीतल्या सगळ्यांना एकदम दिसते. मला त्यांचा हेवा वाटत नाही. बऱ्याच जणांनी पाहिले की कुणाला तरी नळी आठवतेच. मला मोडीत काढायचे ठरले तेव्हा निवृत्त होणाऱ्या बाईंनी रीतसर अर्ज करून मला मागून घेतले.

घरी मी मजेत होते. मोरीच्या जाळीत पडलेले लेकीचे कानातले आम्ही दोघींनी शोधून काढले. शेजारची मुले येत, माझ्यातून पाण्याच्या तांब्याचा तळ बघत, एकमेकांच्या मुठीत बघत. संध्याकाळी बाई मला कोमट पाण्याने पुसून सरळ टांगून ठेवत. शेवटी शेवटी त्यांचे हात कापू लागले, तरी त्या पेटी लावण्याआधी कडेने बोट फिरवून माझी शेपूट आत आहे ना ते बघत.

मागच्या थंडीत बाई गेल्या.

लेक आली. तिने सगळे व्यवस्थित केले. येणाऱ्यांना पाणी दिले, कागद लावले, कपाटे रिकामी केली. रडली नाही. तिचा जबडा घट्ट मिटलेला असे. बोलताना ओठ हलत, दात सुटत नसत. असे जबडे मी जन्मभर पाहिले आहेत, पण यावर काय उपाय करायचा ते मला कुणी शिकवले नव्हते. खोलीत दोन ढीग होते, ठेवायचे आणि टाकायचे. मी दुसऱ्या ढिगात होते, बुटाच्या खोक्यावर.

दुपारी दारावर कुणी आले. तिशी उलटलेली एक स्त्री होती, हातात पिशवी.

"मी बाईंची पेशंट," ती म्हणाली. "उशिरा कळलं मला. मला रुग्णालयात फौजदार म्हणायचे."

लेकीला काही बोध झाला नाही. "बसा ना," ती म्हणाली.

फौजदार बसली आणि टाकायच्या ढिगाकडे बघताच उठली. "अगंबाई, ही इथे?" तिने मला उचलले. दोन्ही हातांनी, एका हातात मूठ, दुसऱ्या हातात शेपूट, बाईंनी शिकवले होते तशीच. "ओवली का गं?" ती मला म्हणाली.

लेकीने चमकून वर पाहिले. "तुम्हाला हे कसं माहीत?"

"मला? ते माझंच आहे."

मग तिने सगळे सांगितले. रिकामा हात, ताटातली नळी, पायरीवरून उतरलेल्या बाई. लेक गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती. 

सांगून झाले आणि फौजदाराला जांभई आली. तिने तोंडावर हात ठेवला नाही. जबडा पूर्ण उघडला, अगदी कानापर्यंत, आणि जांभई सावकाश शेवटापर्यंत गेली.

"माफ करा हं," ती म्हणाली. "रात्रभर प्रवासात होते. आणि मी झाकत नाही. आठ वर्षं तिची वाट बघितलीय."

जांभई कशी असते तुम्हाला ठाऊकच आहे. एकीची पाहिली की दुसरीला येते. लेकीने ओठ दाबून धरले, मान वळवली, पण ती आलीच. किती दिवसांनी तिचा जबडा सुटला. तीन बोटे आरामात बसली असती. जांभईने डोळ्यांत पाणी येते तसे आले, आणि जांभई संपली तरी ते थांबले नाही. फौजदार उठून तिच्याजवळ बसली. नुसता पाठीवरून हात फिरवत राहिली.

मित्रांनो, आता मी लेकीच्या घरी पुन्हा सरळ टांगलेली असते. माझ्याकडे आलात तर जरूर डोळा लावून पहा. मात्र मला दोन्ही हातांनी धरा, आणि पेटीचे झाकण लावण्याआधी शेपूट कुठे आहे तेवढे बघा. तुटलेला धागा परत जोडता येत नाही. आणि हातून चूक झालीच, तर बाईंसारखे पायरीवरून खाली उतरून सांगा.

त्या संध्याकाळी फौजदार निघाली. ती उंबऱ्यात चपला घालत होती. रडून बसलेल्या आवाजात लेकीने मागून विचारले, "ओवली?"

फौजदाराने पिशवी चाचपली, किल्ली चाचपली, आणि तोंडभर हसून म्हणाली, "ओवली गं."